साकुरा आहे का, एवढंच विचारलं होतं

तीर्थरूप सुमिएताईस,

धाकट्या कोसाकूचा कमरेतून वाकून नमस्कार. (कंबर हल्ली अर्ध्या वाटेतच अडते, उरलेला नमस्कार मनाने पुरा केला आहे, मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं लोणच्याचं पिंप फसफसायचं थांबलं का? इकडे निइगाताला थंडी उतरली आहे, मला मात्र ताप चढला आहे, आणि तो डॉक्टरला दाखवण्याजोगा नाही.

झालं असं. मित्सुए लेकीच्या, चिनात्सुच्या, बाळंतपणासाठी सेंदाईला गेली. जाताना बजावून गेली, "अहो, माझ्या आईच्या किटलीला हात लावू नका." तुला ठाऊकच आहे ती चहाची निळसर किटली, माझ्या सासूची एकुलती एक आठवण. मी हात लावला नाही, ताई. आसन लावलं. टीव्हीवर सुमो चालू होता, खुद्द महामल्ल योकोझुना कालच्या पोराकडून चारी मुंड्या चीत झाला, आणि अशा वेळी तिथले प्रेक्षक बुडाखालचं आसन भिरकावतात तसं मीही भिरकावलं. तिथे ते कुणाच्या तरी टाळक्यात बसतं. घरात झाकणावर बसलं आणि झाकणाचा चुरा झाला. मित्सुए इतर बाबतीत भांडते, पण आईचा विषय आला की गप्प होते. तिचं ते गप्प होणं मी एकदा सोसलंय. पुन्हा सोसायची माझी छाती नाही.

मग इंटरनेटवरच्या लिलावात अगदी तश्शीच किटली सापडली! मी नाचलो. (फार नाही, कंबर.) बोली लावली, तर लगेच 'खारवलेला मुळा' अशा टोपणनावाचं कुणीतरी माझ्या बोलीवर चढलं. मी वाढवली, मुळ्याने वाढवली. मी अंघोळीला गेलो, मुळा वर. ओल्या अंगाने येऊन वाढवली, मुळा पुन्हा वर. एका जुन्या किटलीसाठी एवढा जीव कोण टाकतो? शेजारचे ओगुरोसान चष्मा पुसत म्हणाले, "अहो, हा ढळढळीत साकुरा! विचारा की तोंडावर." (तुझ्या अंगणात फुलतो तो चेरीचा बहर नव्हे, भाव चढावा म्हणून विकणाऱ्यानेच पेरलेलं खोटं गिऱ्हाईक.)

विचारलं. प्रश्नांच्या रकान्यात, सगळ्या देशाला दिसेल असं, पण सभ्यपणे: यात साकुरा आहे का? विकणाऱ्या बाईंचं उत्तर आलं: आहे ना, फार सुरेख आहे! माझा चहा नाकातून बाहेर आला. मी लिहिलं, लाज वाटत नाही? तो साकुरा ताबडतोब काढा. बाई म्हणतात, निघणार नाही हो, भट्टीत पक्का झालाय, घासूनही जात नाही. मी लिहिलं, सगळ्यांना सांगेन! बाई म्हणतात, जरूर सांगा, त्याचा फोटो टाकायचाच राहिला होता. आणि टाकला. किटलीच्या पाठीवर चेरीची फांदी, तिला गुलाबी फुलं.

मी धावत जाऊन आमची किटली फिरवली. तिच्याही पाठीवर तीच फांदी! इतकी वर्षं मित्सुए समोर बसून चहा ओतते. फुलं तिच्याकडे, चोच माझ्याकडे. मला कधी दिसलीच नाहीत. खरंच वाईट वाटलं, ताई.

पण वाईट वाटून घ्यायला फुरसत कुठे! आमचा संवाद वाचून लोकांना वाटलं, ज्या साकुरासाठी एक म्हातारा एवढा पेटलाय ती किटली दुर्मीळच असणार. झुंबड उडाली. भाव चढवणारा खरा साकुरा मीच ठरलो, तोही फुकटचा. अखेर मुळा दमला, बाकीचे पांगले, किटली मला मिळाली. (भाव विचारू नकोस.) तिचं झाकण आमच्या किटलीवर चपखल बसलं. रविवारी मित्सुए येईल तेव्हा सगळं जागच्या जागी असेल. खोट्या बोली लावणाऱ्यांना मात्र उलटं टांगावं, हे माझं मत कायम आहे.

तुझा निष्पाप भाऊ,
कोसाकू

ता. क. – उरलेली बिनझाकणाची किटली मी फुलदाणी म्हणून लिलावात लावली आहे. कुत्रंही फिरकलेलं नाही. तू आणि भावोजींनी आपापल्या नावाने थोडी चढाओढ करावी. याला साकुरा म्हणत नाहीत, याला माहेर म्हणतात.

ता. क. २ – थांब, बोली आली! खारवलेल्या मुळ्याची! म्हणजे खराच रसिक होता की बिचारा. प्रश्नही विचारलाय, जसाच्या तसा उतरवतो: "चिनात्सुच्या घरी आईच्या किटलीची जोडी असावी म्हणून मी एवढी झटले, तर कुणी एक वेडा साकुरा साकुरा करत घेऊन गेला. आता फोटोत मागे पडदा आपला दिसतोय. अहो, झाकण कुठंय?"

ता. क. ३ – पाहुण्यांची गादी उन्हात टाक. शनिवारच्या गाडीने येतो.

ता. क. ४ – गादी राहू दे. आत्ता डोक्यात प्रकाश पडला, ती गप्प बसलेली नाही! सगळ्या देशासमोर रागावली आहे! जीव भांड्यात पडला, ताई. उत्तर लिहायला बसतो.