कामाच्या खोलीची वजावट

ती. भावोजींना साष्टांग नमस्कार, आणि ताईला तिच्या धाकट्या भावाचा नेहमीचाच, म्हणजे जरा घाबरत केलेला.

आपण आणि आपला रक्तदाब दोघंही जागेवर असाल. ताईचा गुडघा कसा आहे? बाबा (म्हणजे माझे वडील आणि गेले सात महिने तुमच्याकडे मुक्कामाला असलेले) औषधं वेळेवर घेतात का? आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर आम्ही इकडे काटकसरीत आहोत आणि तीही तुमच्याच सल्ल्याने.

गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आला होता, तेव्हा माझी पगाराची स्लिप पाहून तुम्ही मान हलवलीत. करसल्लागाराने मान हलवली की माझ्यासारखा लिफ्ट दुरुस्त करणारा आधी खिसा चाचपतो. तुम्ही म्हणालात, नोकरदार माणूस पावत्या जपत नाही म्हणून नागवला जातो. बूट, हातमोजे, टॉर्च, कामाचे कपडे धुण्याचा साबण, कामासाठी लागेल ते सगळं करातून वजा होतं. आणि जे कामासाठी नसेल ते घेण्याआधी सात दिवस थांबायचं, आठव्या दिवशीही हवंसं वाटलं तरच घ्यायचं. एवढं सांगून, चहा घेऊन तुम्ही गेलात. (सल्ला फुकट दिलात हे मुद्दाम नमूद करतो.)

मी अक्षरशः तसं वागलो. घरातली छत्री मोडली. छत्री काही लिफ्टसाठी लागत नाही, म्हणून सात दिवस थांबायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी भिजलो, पाचव्या दिवशी तापाने फणफणलो आणि आठव्या दिवशी मला छत्री नको, घोंगडी हवी होती. औषधांचं बिल वजावटीत बसत नाही हे नंतर कळलं. ही तेव्हापासून मला काही मागत नाही. परस्पर आणते आणि आठ दिवसांनी सांगते.

पावत्यांचंही तसंच झालं. वर्षभर एकेक पावती खिशात चुरगळत जमवली. कराच्या कार्यालयात असा चोळामोळा नेणं बरं दिसणार नाही म्हणून मी एका रविवारी इस्त्री तापवली आणि पहिल्या अकरा पावत्यांवर फिरवली. भावोजी, हल्ली पावतीला शाई नसते, तो कागदच तापला की काळा होतो, हे तुमच्या सल्ल्यात नव्हतं. अकरा पावत्या कोळशासारख्या झाल्या. त्यांत बूट होते, दोन टॉर्च होत्या आणि वर्षातला सगळ्यात महाग पाना होता. उरलेल्या पावत्या मी चपट्या न करता एका डब्यात ठेवल्या. त्यांतल्या निम्म्या आपल्या आपणच पांढऱ्या पडल्या.

पण हे सगळं किरकोळ. खरी वजावट होती खोलीची. घरातली एक खोली फक्त कामासाठी वापरली, तर तिचं भाडं आणि वीज करातून सुटते, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. ‘फक्त’ या शब्दावर तुम्ही जोर दिला होता. आमच्याकडे खोल्या दोन. एकीत आम्ही, दुसरीत बाबा. बाबांच्या खोलीत टेबल घातलं, लिफ्टचे नकाशे भिंतीला लावले, पण कोपऱ्यात कॉट असेपर्यंत ‘फक्त’ काही होईना. तेव्हा ताईच म्हणाली, चार महिने आमच्याकडे पाठव. मी बाबांना काय सांगायचं याची तीन दिवस तयारी केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच पिशवी भरली. बस स्टँडवर एवढंच विचारलं, की परतीचं तिकीट काढलंस का. मी म्हटलं, नंतर काढू, आत्ताच कशाला पैसे अडकवायचे. ते बरोबर आहे म्हणाले. कॉट मी भंगारवाल्याला दिली.

त्या खोलीत मी सात महिन्यांत एकूण चार वेळा बसलो. लिफ्ट लोकांच्या इमारतींत असतात, माझ्या घरात नाही.

आता कार्यालयात काय झालं ते सांगतो. अधिकारी बाई वयाने लहान आणि स्वभावाने बऱ्या होत्या, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. त्यांनी विचारलं, हे बूट एरवीही घालता का? मी म्हटलं, छे, फक्त कामावर. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. (दुसरा जोड घ्यायला मी सात दिवस थांबलो होतो, आज त्याला पाच महिने झाले.) बूट गेले. मग खोली. कंपनीने तुम्हाला बसायला जागा दिली आहे ना, मग घरातली खोली धरता येत नाही, असं त्या म्हणाल्या. आम्हा सहा जणांत मिळून एक टेबल आहे आणि त्याला एक पाय कमी आहे, पण नियमात पाय मोजलेले नाहीत. खोलीही गेली.

माझं तोंड पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, घरात कुणी म्हातारं माणूस आहे का? वर्षातले सहा महिने वडील तुमच्याकडे राहिले असतील तर मोठी वजावट आहे, खोलीच्या तिप्पट. मी म्हटलं, होते. आता कुठे आहेत? मी म्हटलं, खोली लागत होती म्हणून पाठवले. त्यांनी बाबांचा नंबर संगणकात घातला आणि त्या म्हणाल्या, यांना या वर्षी दुसऱ्या कुणीतरी आपल्या फॉर्ममध्ये अकराव्या ओळीत, म्हणजे घरी सांभाळत असलेल्या म्हाताऱ्यांच्या ओळीत, दाखवलं आहे. कुणी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भावोजी, तुम्हाला हे आधीच माहीत होतं असं मी म्हणत नाही. नव्हतं असंही म्हणत नाही. हे पत्र ताई आधी वाचणार आहे.

असो. वजावट नाकारल्याविरुद्ध अपील करता येतं म्हणे, तीस दिवसांच्या आत. तेवढं मला लिहून द्यावं, एवढ्याचसाठी हे पत्र.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : अपील राहू द्या. काल टेबल बाहेर काढलं, नकाशे उतरवले. नवी कॉट आणली आहे. ही म्हणाली, उशी जरा उंच लागते त्यांना, म्हणून दोन आणल्या.

ता. क. २ : अकरावी ओळ तुम्हीच ठेवा, यंदाची आणि पुढचीही. मला फक्त बाबा परत पाठवा. रविवारी मी स्वतः न्यायला येतो. रोज फोनवर ते म्हणतात, मला इथे बरं आहे. लहानपणी भात कमी असला की याच आवाजात ते मला भूक नाही म्हणायचे. तेव्हा मी त्यांच्या वाटचं जेवून मोकळा व्हायचो.

ता. क. ३ : पण आधी त्यांना विचारा, परत यायचंय का. मी विचारलं तर मला जे ऐकायचंय तेच ते सांगतील. तुम्ही विचारा, तुम्हाला ते खरं सांगतील. आणि नाही म्हणाले, तर मला लगेच कळवू नका.