अंगणाकडची खिडकी

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

भर दुपारी बारा वाजता हॉलमध्ये ट्यूबलाइट! पश्चिमेच्या शेजाऱ्यांनी दुसरा मजला चढवला आणि उरलासुरला उजेडही गेला. रस्त्याकडची खिडकी आहे, पण ती उघडली की राइस मिलची काजळी आत — सोफ्यावर, चष्म्यावर, चहाच्या सायीवरसुद्धा.

आज धर्मेंद्र आला होता, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा. टेप लावून सगळं मोजलं. मग पूर्वेच्या भिंतीवर बोटांनी टकटक केली.

"काकू, इथं आधी खिडकी होती का? आवाज वेगळा येऊन राहिला."

म्हटलं, होती.

"मग तेच खोला ना! सकाळचं ऊन डायरेक्ट सोफ्यावर."

डायरेक्ट! त्या भिंतीपलीकडे सुशीलाबाईंचं अंगण आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई. आणि ती खिडकी अकरा वर्षांपूर्वी मीच बुजवली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

यांना विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कायले? दोन एलईडी लाव ना."

बुधवार, ६ नोव्हेंबर

रात्री झोप नाही. निदान इथे तरी खरं लिहावं.

लेकीचं, रुचिकाचं लग्न ठरत होतं, गोंदियाची माणसं. तिला लहानपणी फिट्स यायच्या. बाराव्या वर्षी थांबल्या, डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. घरात सगळ्यांना ठाऊक, बाहेर कोणालाच नाही. मुलाकडच्यांना सांगायचं का, यावर आम्ही दोघं त्या खिडकीपाशी बोलत होतो. मी म्हटलं, मुळीच नाही. संपलेलं दुखणं कशाला उकरायचं? तर अंगणातून सुशीलाबाई म्हणाल्या, "लपवू नको कामिनी. मंग पोरीलेच भोगा लागते."

आठ दिवसांनी नकार आला. मुलीला मिरगी आहे असं कळलं म्हणे.

कोणाकडून कळलं, हे मी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात! इश्वर मिस्त्रीला बोलावलं, विटा लावून घेतल्या.

रुचिकाचं पुढे सगळं चांगलं झालं. पुण्यात आहे, सुखात आहे. भिंत मात्र राहिली. सणासुदीला, मौतीला बोलणं होतं — कामापुरतं. त्यांच्या घरातला चहा मी अकरा वर्षांत घेतलेला नाही.

आता त्यांच्याच अंगणातला उजेड मागायला जायचं. कोणत्या तोंडाने?

गुरुवार, ७ नोव्हेंबर

गेले नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

रुचिकाचा फोन. "आई, भिंत आपली आहे, विचारायचं कशाला?" या मुलांना नकाशातली भिंत तेवढी दिसते. ती खिडकी का बुजली, हे तिला मी कधी सांगितलेलं नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी बावीस वर्षांची. नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातून सरळ तुमसरला! सासूबाई काही बोलल्या की मला निम्मं कळायचं नाही. मी "हो" म्हणायचे, आणि भलत्याच गोष्टीला "हो" म्हटलेलं असायचं. सुशीलाबाई अंगणातून खिडकीशी येऊन हळूच अर्थ सांगायच्या. वर हसायच्या, "मेमसाब, तुले सांदीतून झाडणी आन म्हणे, बोळातला झाडू, अन् तू मान हालवून राहिली!" त्याच खिडकीतून गरम भाजीची वाटी यायची. माझी करपलेली असायची ना!

बुधवार, १३ नोव्हेंबर

गेले एकदाची.

दारात चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. सुशीलाबाई बाजेवर लाखोळीची डाळ निवडत होत्या. किती वाळल्या आहेत! चौऱ्याहत्तर वर्षं, आणि एकट्या.

"बस ना. उभी काहून?"

मी असं काही बोलले, जणू प्रिन्सिपल सिस्टरकडे रजेचा अर्ज देते आहे. आपली हरकत नसेल तर, आपल्याला त्रास होणार नसेल तर... त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मंग खोल ना. इचारून काय राहिली? भिंत तुही."

"अंगण तुमचं आहे, बाई."

"अंगन वाटून घेतलं आपन. उजेडबी वाटला होता का?"

मग चहा ठेवला. माझ्या कपात अर्धी साखर. लक्षात आहे त्यांच्या!

आनंद व्हायला हवा होता. पण विचार करतच घरी आले. इतक्या सहज हो म्हणाल्या? एक टोमणासुद्धा नाही?

यांनी विचारलं, "हो म्हणे? अन् आणखी काय म्हणे?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

तीनदा विचारलं. जेवलेही नीट नाहीत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज यांची नवी टूम — छताला काच लावू! म्हणजे वानरं येऊन बसतील आणि आपण खालून बघू.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

इश्वरच आला छिन्नी-हातोडा घेऊन. केस पिकलेत, जीभ तशीच. "बाई, मीच बुजवलो होतो हे. अर्ध्या दिवसात. खोलायले दोन दिवस घेईन, अन् तवाची मजुरी आता चालनार नाही."

पहिली वीट पलीकडे पडली. सुशीलाबाईंनी आवाज दिला, "अरे, माह्या वड्याईवर नको पाडू!" त्यांनी स्वतःच बाज ओढून पलीकडे नेली.

दुपारी हे घरात थांबलेच नाहीत. धुळीचा त्रास होतो म्हणे.

बुधवार, २० नोव्हेंबर

सकाळी साडेसातला फरशीवर उन्हाचा चौकोन. त्यात माझे पाय. बराच वेळ तशीच उभी राहिले.

शनिवार, २३ नोव्हेंबर

मी सागवानी झडपांची खिडकी म्हणत होते, जुनी होती तशी. पण झडपा बाहेर उघडणार, म्हणजे त्यांच्या अंगणात. म्हणून सरकती. तीन पट्ट्यांची — दोन काचेच्या, एक जाळीची.

धर्मेंद्र म्हणतो, "काकू, आरशावाली काच टाका. आतून तुम्हाला सगळं दिसेल, बाहेरून कोणाले काही नाही." ज्यांनी उजेड दिला, त्यांनी खिडकीकडे बघितलं की त्यांना स्वतःचंच तोंड दिसायचं? साधी काच सांगितली. सिस्टर म्हणायच्या, खिडकी बघण्यासाठी असते, डोकावण्यासाठी नाही.

सांगून आल्यावर मात्र वाटलं — साधी काच. म्हणजे त्यांनाही आतलं सगळं दिसणार.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पडदे घेतले. इथे लिहिताना लाज वाटते आहे.

मनात होता पांढरा नेटचा, कॉन्व्हेंटच्या पार्लरमध्ये, पाहुण्यांच्या खोलीत, होता तसा. वारा आला की पोटुशी बाईसारखा फुगायचा, आणि आम्ही मुली तोंडावर हात धरून हसायचो. दुकानात तो होता. हातात घेतला. आणि ठेवून दिला. घेतला तपकिरी, दुहेरी अस्तराचा.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, उजेडासाठी खिडकी केली म्हणता, अन् ब्लॅकआउट घेऊन राहिल्या?"

काय सांगू त्याला? डिसेंबरात रुचिका येणार आहे. आम्ही बसू, बोलू. घरातल्या गोष्टी निघतील. एकदा तोंड पोळलं आहे माझं. उजेड आत यावा, पण शब्द बाहेर जाऊ नये. असा पडदा कुठल्या दुकानात मिळतो?

बाईंनी चहात अर्धी साखर घातली, आणि मी हे घेऊन आले.

शनिवार, ३० नोव्हेंबर

मी स्टुलावर, हातात पडद्याचा रॉड. हे खाली स्टूल धरून.

"एवढा जाड कायले?"

काच सरकवलेली होती, म्हणून हळूच म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे कशाला."

यांनी आवाज लहान केला नाही. "वहिनीनं नव्हतं सांगितलं ते. मीच गेलतो गोंदियाले. पोराच्या बापाले सांगून आलो. लपवून पोरगी द्यायची माही हिंमत नाही झाली. अन् तुले सांगायचीही नाही."

"बाईंना माहीत आहे?"

"तू खिडकी बुजवली, त्याच दिवशी सांगितलं मी. म्हणे, माह्यावर रागावली तं रागावू द्या. तुमचं घर तं एक राहीन."

यांचे हात सुटले असावेत. स्टूल हललं. अंगणात सुशीलाबाई वड्या टाकत होत्या. मान खाली घालूनच म्हणाल्या —

"भाऊजी, स्टूल धरा ना आधी! पडन ते."