सरस्वतीपुरमला येणारी आकाशगंगा

२ फेब्रुवारी २०२६, सकाळी ६.१२
सापडला! गच्चीवरच्या अँटेनात फास्ट रेडिओ बर्स्ट. दूरच्या आकाशगंगेतून येणारा, पापणी लवायच्या आत संपणारा रेडिओचा झोत. कुठून येतो, कशाने, जगाला धड ठाऊक नाही. मला लवकरच असेल. नेमके तेव्हाच खालून घरमालक नरसिंहमूर्ती ‘नीर बंतु!’ ओरडले आणि मोटर लावली. नळाला पाणी येणं ही या माणसाची एकमेव खगोलीय घटना.

४ फेब्रुवारी, ६.१२
पुन्हा! बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी. म्हणजे रिपीटर. मराठी मंडळाच्या विश्रामना सहज फोन केला. कुणाला बोलू नका म्हटलं.

५ फेब्रुवारी
सगळ्यांना कळलं. बावीसला मंडळातर्फे सत्कार. दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी
आमच्या हौशी रेडिओ-निरीक्षकांच्या नेटवर्कचा जाचक नियम: एकाच स्टेशनने ऐकलेला बर्स्ट धरत नाहीत. दुसऱ्या गावीही त्याच वेळी दिसला पाहिजे. तिघांना दिसला तर वेळेच्या फरकावरून उगम काढता येतो. हासन, तुमकूर दोन्ही स्टेशनांकडे शून्य. पहाटे झोपत असणार.

१० फेब्रुवारी
पाचवा. नेटवर्कच्या सहना बंगळूरहून म्हणाल्या, सर, आकाशातली वस्तू रोज चार मिनिटं लवकर उगवते, तुमची घड्याळ लावून कशी येते? मी म्हटलं, आकाशगंगेने शिस्त पाळू नये?
सत्काराच्या पत्रिका आल्या. ‘थोर शास्त्रज्ञ’. मजकुरात ढवळाढवळ केली नाही.

१३ फेब्रुवारी
विश्रामना म्हटलं, जरा पुढे ढकलू या. म्हणाले, अहो, देवराज मोहल्ल्यातल्या टेलरने शालीवर तुमचं नाव भरलंय, आता कुठे पळता?
खरंच. कुठे?

१५ फेब्रुवारी
मृदुलाने दुधाच्या खाड्यांचं कॅलेंडर समोर ठेवलं. पाण्याचे दिवस निळ्या पेनने. काही बोलली नाही. बायको बोलत नाही तेव्हा फार ऐकू येतं. योगायोग म्हटलं.

१६ फेब्रुवारी
शास्त्रीय प्रयोग. नरसिंहमूर्तींना विनंती केली, आज मोटर दहा मिनिटं उशिरा लावा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. ६.१२: काही नाही. ६.२२: मोटर. बर्स्ट.
प्रयोग सदोष असावा.

१७ फेब्रुवारी
सहनांना कळवलं. त्यांची मेल: उगम निश्चित झाल्याबद्दल अभिनंदन. अंतर सुमारे पंचवीस फूट.
विश्रामनाही सांगून टाकलं. मग म्हणाले, शाल वाया नाही जाणार, बघतो काहीतरी.

२२ फेब्रुवारी
सत्कार झाला. मंडळाने सत्कारासाठी निवडलेल्या ज्येष्ठ नागरिकांत एक जागा रिकामी होती, तिथे मला बसवलं. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. शेजारचे एक्क्याऐंशीचे तिरुमलराव म्हणाले, गुडघे काय म्हणतायत? दुखतात म्हटलं. टाळ्या जोरात झाल्या.
घरी आल्यावर मृदुला म्हणाली, अहो, जरा थांबा, पाया पडते.