नावं पुकारायचं काम

नागपूर, जानेवारी १९७५

माय, तुले अन् बाबाले जयभीम.

माही गाठ कमी होऊन राह्यली. कामरगावात तूर सोंगली काय? बाबाचा खोकला कसा हाये?

मिलवाल्यायच्या सरकारी विम्यातून क्यान्सरच्या डाक्टरायले भेटनारे पैसे यंदा घटले. बाकीच्यायनं विम्याचे पेशंट सोडले. आमच्या डाक्टरबाईनं कंपाउंडर कमी केला, पन आमाले नाही सोडलं. त्यायचे लय उपकार हायेत.

मंग आमी पेशंटायनंच वावरातल्यासारखी सावड केली. कोनी झाडते, कोनी पानी भरते, नावं पुकारनं माह्याकडं. एखाद्या नावाले कोनी उठत नाही, तवा ते पुन्हा पुकारतो.

सगळ्यायच्या शेवटी माहं नाव येते. तेबी मीच पुकारतो, अन् मीच जोरात म्हनतो, ‘हाव, आली.’

तुही लेक
भागिरथा