तीन दारांचं घर

सेलू, दि. ३ डिसेंबर २०२३

चि. त्रिवेणीस आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन सोडून पत्र लिहायलेय, कारण आपल्या दोन खोल्यांत एकानं बोललेलं सगळ्यायला ऐकू जातं. मल्लेश अन् शिवकन्या किरायानं खोली पाहायलेत. भांडण न्हाई गं. पण लग्न होऊन दोन वर्षं झाली अन् दोघांच्या अन् माझ्या मधी नुसता पडदा हाय. पोरगा-सून गेले तर मला घर खायला उठंल.

स्टेशनापल्याड आपली जागा पडून हाय. माझी मैत्रीण कस्तुराबाई जिंतूरला एकटी ऱ्हाती. ती अन् मी मिळून बांधावं म्हणतो. तू घराचे नकाशे काढतीस, तर झेपंल असं काढून दे. दार मात्र एकच ठेव. जास्ती दारं दिसली की लोक म्हणतील, उमादेवीचं घर फुटलं.

उन्हातान्हात साईटवर फिरतीस, जेवण टाळू नको. माया हाय ती तशीच ऱ्हाऊ दे.

तुझी,
उमाआत्या

परभणी, दि. ११ डिसेंबर २०२३

ती. आत्यास त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

नकाशा पाठवते आहे. चिडू नकोस, दारं तीन आहेत: तुझं, मल्लेश-वहिनीचं आणि कस्तुरामावशींचं. खर्च दुसरीकडे वाचवला: स्वयंपाकघर एक, बोअर एक, लागून असलेल्या दोन घरांमध्ये भिंत एकच. त्या भिंतीला दोन्ही बाजूंनी कपाटं, म्हणजे बोलणं पलीकडे जाणार नाही. खिडक्या एकमेकींसमोर नाहीत. तिन्ही दारं मात्र एकाच अंगणात उघडतात.

कस्तुरामावशींना फोन केला होता. त्या स्पष्टच म्हणाल्या, की मैत्रिणीच्या घरात जन्मभर पाहुणी होऊन राहणार नाही, माझ्या कडीचं दार असेल तरच येईन. आणि वहिनीला विचारलंस का तू? का सुनेला मत नसतं?

रविवारी येते. कागदावर भांडण्यापेक्षा जागेवर चुन्याच्या फक्कीनं आखून बघू. धपाटे करून ठेव, आणि राग माझ्यावर नको, नकाशावर काढ.

तुझी भाची,
त्रिवेणी

सेलू, दि. १८ डिसेंबर २०२३

प्रिय कस्तुरा, स. न. वि. वि.

काल त्रिवेणीनं जागेवर पांढऱ्या फक्कीनं अख्खं घर आखलं. मी हट्टानं आधी माझं एकच दार आखायला लावलं. मग तिनं शिवकन्येला आपल्या खोलीत जाऊन यायला सांगितलं. पोरगी माझ्या खाटंच्या जागेपुढून गेली, आली, परत गेली, अन् तिथंच उभी ऱ्हाऊन रडायली. म्हणाली, आई, मला तुमच्यापासून दूर जायचं न्हाई, फक्त दर खेपेला तुमच्यापुढून जायचं न्हाई.

ती मान खाली घालून जायची, मला वाटायचं लाजती.  मीच पायानं फक्की पुसली अन् तीन दारं आखायला लावली. मल्लेशनं तिथंच उभ्या उभ्या खोलीवाल्याला नको म्हणून कळवलं. शेजारीण विचारायली, वाटणी झाली का? मी म्हणाले, झाली, सुखाची!

आता तू ये. तुझं दार पूर्वेला, कडी तुझ्या पसंतीची. दोस्ती हाय तशी ऱ्हावी, शेजार वाढावा.

तुझी,
उमा

सेलू, दि. २ मार्च २०२५

चि. त्रिवेणीस आशीर्वाद, वि. वि.

गृहप्रवेशाला तुझं कौतुक ऐकून माझेच कान निवले. पाथरीचे कुणी दोघं भाऊ आपलं अंगण पावलांनी मोजून गेले, त्यांना असंच घर बांधायचंय. नकाशा लवकर काढून दे, लय आशेनं आलते. कस्तुरा अन् मी स्वयंपाकघरात रोज मिठावरून भांडतो अन् आपापल्या दारातून आत निघून जातो. दुपारच्या चहाला परत एकत्र!

आज सकाळी गरम भाकरी घेऊन शिवकन्येच्या दाराशी गेले. कडी वाजवली. ती आतून म्हणाली, आई, जरा थांबा. सून सासूला थांबा म्हणती! कस्तुरा तिच्या उंबऱ्यावरून माझं तोंड बघत हसायली.

मी थांबले, पोरी. भाकरी पदराखाली झाकून, माझ्याच अंगणात, लय मानानं थांबले.

सगळ्यांचा जीव हाय तुझ्यावर, येत ऱ्हा.

तुझी,
उमाआत्या