मुलीकडची

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईंची तब्येत ठीक आहे. नवा चष्मा त्यांना एकदाचा पटला. काचा चार वेळा बदलून घेतल्या आणि दर वेळी मला बरोबर नेलं. दुकानदाराशी भांडायचं तर साक्षीदार लागतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या चष्म्याबद्दलच लिहायचं आहे. दुकान ज्यांचं आहे ते काचा स्वतः घासतात. आईंचं सगळं बोलणं न चिडता ऐकून घेतात. लग्न झालेलं नाही. आजारी आईवडिलांचं करण्यात वय निघून गेलं. पाचव्या वेळी मी एकटीच गेले, कारण दांडीचा स्क्रू सैल झाला होता. सहाव्या वेळी स्क्रूही सैल नव्हता. त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे.

तुमचे दादा जाऊन दोन वर्षं झाली. मी चष्मेवाल्यांना सांगितलं की आईंनी स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं तरच, नाहीतर नाही. त्यांनी ते मान्य केलं. त्याच संध्याकाळी मी आईंच्या कानावर घातलं आणि म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या. आज नऊ दिवस झाले. दुधाचं, इस्त्रीचं, शेजारच्यांचं, सगळं बोलतात. यावर एक अक्षर नाही.

चष्मेवाल्यांना मला हिऱ्याची अंगठी घालायची आहे. सोळा वर्षं मी हिऱ्यांना पैलू पाडते आहे. दुसऱ्याने घडवलेला खडा घ्यायला गेले तर भिंग लावून त्याच्या चुकाच काढत बसेन. म्हणून कारखान्याच्या मालकांना विचारलं की एक खडा आम्हाला विकत द्याल का, पैलू मीच पाडीन. ते हो म्हणाले. अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती म्हणे. खडा माझ्या खणात कुलपात आहे. आईंच्या होकाराशिवाय घासायच्या चाकावर धरणार नाही.

तुम्हाला हे वाचून काय वाटेल ते वाटो. राग आला तर रागाने लिहा, पण लिहा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
वहिनी

———

९ फेब्रुवारी

ति. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रयोगशाळेत दुपारच्या सुट्टीत वाचलं. त्यानंतर रक्ताची एकच काच तीनदा तपासली आणि तीनदा वेगळा आकडा आला. शेवटी ती शेजारणीकडे सरकवली.

खोटं लिहीत नाही. पहिल्यांदा मला वाईट वाटलं. तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल. दादाच्या गोष्टी मी तुझ्याशीच बोलते. तू दुसऱ्या घरी गेलीस की त्या कोणाशी बोलायच्या, असं मनात आलं. मला बोलायला फार माणसं नाहीत, हे तुला माहीत आहे.

मग दादाचे शेवटचे चार महिने आठवले. तू कारखान्यातून सुटून थेट दवाखान्यात यायचीस. बोटांच्या पेरांत काळी पूड तशीच असायची. नर्सने एकदा हात धुऊन या म्हणून दटावलं, तेव्हा दादा तिला म्हणाला होता की ती हिऱ्याची पूड आहे, इतकी श्रीमंत बाई या वॉर्डात पुन्हा यायची नाही. त्याला धाप लागत होती, तरी वाक्य पुरं केलं. तुझा किती अभिमान होता त्याला. तो नाही म्हणून ते अभिमान बाळगायचं काम बंद पडायला नको. ते मी करीन. मला त्याच्यासारखं बोलता येत नाही, पण वाटतं तितकंच.

तेव्हा माझा होकार धर. चष्मेवाल्यांना सांग की स्क्रू नीट बसवायला शिका, सहा खेपा हे दुकानाला शोभत नाही.

आईला मी वेगळं पत्र टाकलं आहे.

आहे तो जिव्हाळा तसाच राहू दे.
तुझी,
नणंद

———

१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. ‘परीक्षा’ तू ऱ्हस्व लिहिली आहेस. चाळिशी आली तरी तेच.

मी गप्प राहून सुनेची परीक्षा बघते आहे, असं तू लिहितेस. तसं नाही. तिने येऊन मला परवानगी विचारली. ती सुनेने सासूला विचारल्यासारखी विचारली. मी तिची सासू आहे ती माझ्या मुलामुळे. तो गेल्यावर तिच्या लग्नाला हो म्हणायचा मला काय हक्क, आणि नाही म्हणायचा तर त्याहून नाही. मी हो म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं की म्हातारीने मोकळं केलं. मला तिला मोकळं करायचं नाही. ती गेल्यावर या घरात दुपारी चहा एकटीने प्यायचा आहे, हेही मला दिसतं. पण ते तिला सांगितलं तर ती जाणार नाही. म्हणून काय बोलावं ते सुचेना आणि कपडे काढायला गेले.

माणूस चांगला आहे. मी चार वेळा भांडून पाहिलं, त्याने एकदाही आवाज चढवला नाही. पाचवी-सहावी खेप कशासाठी होती ते मला कळत नव्हतं असं समजू नये. स्क्रू मीच सैल केला होता.

हे पत्र तिला दाखवू नये. जेवणखाण वेळेवर कर.

तुझी,
आई

———

२१ फेब्रुवारी

ति. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आज थोडंच लिहिते. आईचं पत्र आलं. त्यात काय आहे ते सांगायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून सांगत नाही. एवढंच कर. आईला पुन्हा विचारू नकोस. होकाराची वाट न बघता खडा चाकावर घे आणि तिला ते बघायला ने. मी मुलगी म्हणून सांगते, आम्ही मुली आईला परवानगी विचारत नाही. आम्ही तिला हाताला धरून दुकानात नेतो आणि तिथे तिचं ऐकत नाही.

बाकी क्षेम. मनात मला जागा असू दे.
तुझी,
नणंद

———

११ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी आईंना म्हटलं, मी आज माझा खडा घ्यायला बसणार आहे, येता का. त्यांनी पातळ बदललं आणि पिशवी घेतली. सोळा वर्षांत त्या प्रथमच कारखान्यात आल्या. मालकांनी खुर्ची दिली, पण त्या माझ्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. मधल्या सुट्टीत आमच्या पर्यवेक्षकांना त्यांनी सांगितलं की हिचा हात इथे सगळ्यांत स्थिर असणार, घरी ही दूध ओतते तेव्हा मी बघते. पर्यवेक्षक म्हणाले, खरं आहे बाई, अवघड खडे आम्ही हिच्याकडेच देतो. आईंनी मान अशी हलवली की जणू हे त्यांनीच शिकवलं होतं.

आणि त्याच दिवशी माझा हात चुकला. आजवर हजारो खडे घडवले, पण कुठला कोणाच्या बोटात जाणार ते कधी माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं. कडेजवळ चाकाला पळभर जास्त टेकला आणि एक जादा पैलू पडला. मी आईंना भिंगातून दाखवला. म्हटलं, सत्तावन्न हवेत, अठ्ठावन्न झाले, पुन्हा घासला तर चूक जाईल पण खडा लहान होईल. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या की शाळेत शिकवताना जास्तीचं गणित सोडवणाऱ्याचे मार्क त्यांनी कधी कापले नाहीत. खडा तसाच ठेवला.

चार दिवसांमागे सराफाकडे गेलो. चष्मेवाले आणि त्यांची थोरली बहीण आधीच येऊन बसली होती. आईंनी खुर्ची पुढे ओढली आणि चौकशा सुरू केल्या. खडा बसवणारा कारागीर कोण, किती वर्षांचा अनुभव, खडा उंच बसवला तर हिच्या कामात अडकेल, मग खोल बसवता का. मग मोर्चा चष्मेवाल्यांकडे वळवला. दुकान बंद करायची वेळ काय, घरी वेळेवर येता का, चहा करता येतो का. त्यांनी सगळी उत्तरं उभं राहून दिली. त्यांच्या बहिणीला हसू आवरेना.

सराफ बिचारे गोंधळले. वही उघडून त्यांनी आईंना अदबीने विचारलं की आपण मुलाकडच्या ना. मी खाली बघितलं. काय उत्तर येणार ते मला कळेना. एका अर्थी ते खरंच होतं. सोळा वर्षं माझ्यासाठी त्या मुलाकडच्याच होत्या, आणि तुम्हीही.

आईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

“नाही. मी मुलीकडची,” त्या म्हणाल्या. “मुलीची आई.”

मग चष्मेवाल्यांकडे वळून म्हणाल्या की मुलीचं माहेर तुमच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर आहे, दुपारच्या चहाला तिला तिथे यायला आडकाठी चालणार नाही. ते म्हणाले, मीही आलो तर चालेल का. आईंनी बघू म्हटलं.

वन्सं, ‘हो’ हा शब्द त्यांनी अजून उच्चारलेला नाही आणि मीही पुन्हा विचारलेलं नाही. सराफ तेव्हा मला बोटाचं माप विचारत होते. मी काहीतरी सांगून टाकलं असावं, कारण आज अंगठी आली ती चांगली दोन मापं मोठी आहे. सोळा वर्षांची कारागीर आणि स्वतःचं माप सांगता येईना, म्हणून आई सकाळपासून हसताहेत. उद्या त्या स्वतः ती बदलून आणायला जाणार आहेत. मला बरोबर नेणार नाहीत म्हणे, साक्षीदाराची गरज नाही.

लोभ होता तसा असावा, आता मुलीकडच्यांनी थोडा जास्तच करावा.
तुमची,
वहिनी