साहेबांना पुढच्या सीटवर बसवलं

३ नोव्हें.
नाही, घाबरलो वगैरे नाही. भूक नव्हती म्हणून जेवलो नाही, एवढंच. साहेब (पुढं सा. लिहितो, नाव नको) मागच्या खोलीत झोपलेत. इथं राजदूत होते तेव्हा त्यांची गाडी मीच चालवायचो. मग मध्य आफ्रिकेत, त्यांच्या स्वतःच्या देशात जाऊन मंत्री झाले. तिकडं लष्करानं सरकार पाडलं आणि सा. दोन बॅगा घेऊन इथं आखातात, रोल्लात माझ्या दारात. त्यांच्याच देशाची माणसं इथं त्यांना शोधतायत. दुसऱ्या देशाचा व्हिसा येईपर्यंत लपवायचं. प्रसाद म्हणतो, "बाबा, धिस इज नॉट अवर प्रॉब्लेम." पोरगा आहे माझा, पण...

४ नोव्हें.
सा. भाकरी खातात, कप स्वतः विसळतात. मोडक्या हिंदीत म्हणाले, "नाना, निवडणूक जिंकलो की तुला शिक्षणमंत्री करतो." म्हटलं, सातवी नापास आहे मी. "मग तर पक्का!" हसलो दोघं. जिन्यात पावलं वाजली. मी दिवा घालवला. शेजारीण होती.

६ नोव्हें.
सा.ची दाढ सुजली. दवाखान्यात नेणं भाग. प्रसादची टोपी, प्रसादचीच जर्सी. माझ्या शेजारी पुढं बसवलं, दोस्तासारखं. पोचलो आणि मी गाढव! उतरलो, वळसा घालून त्यांचं दार उघडलं, ताठ उभा राहिलो, हात टपाच्या कडेला, डोकं आपटू नये म्हणून. सा. पण तसलेच. अंगात नसलेल्या कोटाचं बटण लावत सावकाश उतरले. समोर एक जण चहा पीत उभा होता. त्यानं कप खाली ठेवला. फोन काढला.

७ नोव्हें.
तोच माणूस आमच्या बिल्डिंगखाली. वॉचमनला विचारत होता, म्हातारा ड्रायव्हर कितव्या मजल्यावर राहतो. वॉचमन म्हणे "मालूम नहीं" बोलला. किती वेळा बोलेल?  प्रसाद आला. ओरडेल वाटलं. त्यानं आपल्या गाडीची किल्ली माझ्यापुढं ठेवली. "टेक माय कार, बाबा. यल्ला, गो."

८ नोव्हें.
सकाळी सोडून आलो. उतरताना सा. म्हणाले, "नाना, तू गाडीतच बस." दार स्वतः ओढलं, नीट लागलं नाही. सवय कुठं त्यांना. थांबून लावायची माझी छाती झाली नाही. घरापर्यंत गाडी टूं टूं करत होती.
त्यांचा फोन लागत नाही. तो माणूसही आज खाली नाही. हे बरं की वाईट?
कुठं सोडलं ते लिहिणार नाही. प्रसादलाही सांगितलं नाही. कुणी कितीही विचारा, नाही सांगणार. खलास.